कंटेनर मोडला तरी चालेल: लिनक्सवर पोस्टग्रेस चालवायला शिकताना

पहिल्यांदा कंटेनरमध्ये पोस्टग्रेस हा डेटाबेस उभा केला तेव्हा मला दहा मिनिटंही लागली नव्हती. काही आठवड्यांनी तोच कंटेनर काढून नवा उभा केला आणि आतली सगळी टेबलं गायब. व्हॉल्यूम जोडलेलं होतं, त्याचं नावही बरोबर होतं. ते फक्त आतल्या चुकीच्या फोल्डरवर बसवलं होतं. डेटा एका बिननावी व्हॉल्यूममध्ये पडून होता, आणि 64 अक्षरी नावांच्या गर्दीतून तो शोधून काढण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. नशीब, मिळाला.

त्यामुळे डेटाबेस सुरू कसा करायचा यापेक्षा तो मोडून परत कसा उभा करायचा, यावर या लेखात जास्त भर आहे. सुरू करणं सोपंच आहे.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत द्यायच्या. डॅश, अंडरस्कोर, कोलन आणि तिरकी रेघ दिसते तशी ठेवा. कॅपिटल अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे, बाकी सगळं लहान लिपीत.

तीन शब्द आधी पक्के करा

इमेज म्हणजे साचा: पोस्टग्रेसचा प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी, सगळं एकत्र बांधलेलं. कंटेनर म्हणजे त्या साच्यातून सुरू केलेली चालती प्रोसेस. व्हॉल्यूम म्हणजे डेटा ठेवायची जागा, जी कंटेनरच्या बाहेर असते आणि कंटेनर काढला तरी राहते.

कंटेनर हे छोटं व्हर्च्युअल मशीन आहे असा समज नवख्यांमध्ये हमखास असतो. तसं नाही. कर्नल तुमच्या लिनक्सचंच असतं. नेमस्पेसमुळे आतल्या प्रोसेसला बाहेरचं जग दिसत नाही आणि सीग्रुपमुळे तिच्या वापराला मर्यादा घालता येते, इतकंच. खात्री करायची असेल तर डेटाबेस चालू असताना बाहेरच्या टर्मिनलवर 'पीएस ऑक्स' द्या. पोस्टग्रेसच्या प्रोसेस तुमच्या बाकीच्या प्रोसेसच्या रांगेतच उभ्या दिसतील. त्यांच्यापुढे एखाद्या भलत्याच युजरचं नाव दिसलं तर दचकू नका. डेबियनवर आधारलेल्या अधिकृत इमेजमध्ये पोस्टग्रेस युजरचा क्रमांक 999 आहे, आणि तुमच्या मशीनवर तो क्रमांक दुसऱ्याच कोणाला दिलेला असू शकतो.

डॉकर बसवणं

डॉकर म्हणजे कंटेनर बनवणारं आणि चालवणारं साधन. इथे फार वेळ घालवत नाही. तुमच्या डिस्ट्रोसाठी डॉकरने दिलेल्या रिपॉझिटरीतून डॉकर इंजिन बसवा आणि 'डॉकर रन हॅलो-वर्ल्ड' चालतं का ते पाहा. दर वेळी 'सुडो' लिहायचा कंटाळा येतो म्हणून लोक स्वतःला 'डॉकर' ग्रुपमध्ये घालतात. घाला, पण त्या ग्रुपमधल्या युजरच्या हातात व्यवहारात रूटचेच अधिकार येतात, एवढं लक्षात असू द्या. ग्रुपमध्ये घातल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करावं लागतं.

फेडोरासारख्या डिस्ट्रोवर पॉडमन, म्हणजे डॉकरसारखंच दुसरं साधन, असेल तर पुढच्या बहुतेक कमांडमध्ये 'डॉकर'च्या जागी 'पॉडमन' लिहून काम भागतं.

व्हर्जनचा आकडा लिहाच

इमेजच्या नावापुढे कोलन देऊन आकडा लिहायचा: 'पोस्टग्रेस:18'. आकडा लिहिला नाही तर 'लेटेस्ट' गृहीत धरलं जातं. आज लेटेस्ट म्हणजे एक मेजर व्हर्जन, वर्षभराने दुसरंच. पोस्टग्रेसचं नवं मेजर व्हर्जन साधारण दर वर्षी येतं आणि एका मेजर व्हर्जनच्या डेटा फाइल्स दुसऱ्याला वाचता येत नाहीत. एखाद्या सकाळी इमेज नवी येते, कंटेनर उठायला नकार देतो, आणि आपण तर काहीच बदललं नाही असं वाटून माणूस चक्रावतो.

अल्पाइन या छोटेखानी लिनक्सवर आधारलेली इमेज आकाराने लहान असते म्हणून भुरळ पडते. पण डेबियनवाली आणि अल्पाइनवाली इमेज वेगवेगळी सी लायब्ररी वापरतात, आणि अक्षरांचा क्रम लावायचे नियम तिथूनच येतात. एकाच व्हॉल्यूमवर आज ही, उद्या ती इमेज चालवली तर मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स चुकीचे ठरतात. एरर न येता क्वेरीतून नोंदी गाळल्या जाऊ शकतात, हे त्यातलं सगळ्यात वाईट. मी डेबियनवालीच घेतो आणि बदलत नाही.

उभारणी

आधी व्हॉल्यूम आणि नेटवर्क तयार करा. नावं काहीही द्या. मी 'कोठार' धरून चाललो आहे.

डॉकर व्हॉल्यूम क्रिएट कोठार_डेटा

डॉकर नेटवर्क क्रिएट कोठार_नेट

आता पासवर्ड. तो थेट कमांडमध्ये लिहिला तर शेलच्या हिस्टरीत राहतो. त्याऐवजी 'कोठार.एन्व्ह' नावाची फाइल करा आणि तिला 'सीएचमॉड 600' लावा. फाइलमध्ये तीन ओळी, बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडचं सगळं कॅपिटल:

पोस्टग्रेस_यूजर=मालक

पोस्टग्रेस_पासवर्ड=तुमचा लांबलचक पासवर्ड

पोस्टग्रेस_डीबी=नोंदी

पासवर्डभोवती अवतरणचिन्हं घालू नका. 'डॉकर रन' या फाइलमधली अवतरणचिन्हं पासवर्डचाच भाग समजतो. नंतर 'पासवर्ड तर बरोबर आहे' म्हणत तासभर डोकं धरून बसाल.

आता मुख्य कमांड, एकाच ओळीत:

डॉकर रन -डी --नेम कोठार --नेटवर्क कोठार_नेट --एन्व्ह-फाइल ./कोठार.एन्व्ह -व्ही कोठार_डेटा:/व्हार/लिब/पोस्टग्रेएसक्यूएल -पी 127.0.0.1:5432:5432 --एसएचएम-साइज 256एम --रीस्टार्ट अनलेस-स्टॉप्ड पोस्टग्रेस:18

'-डी' म्हणजे मागे चालत राहा. 'अनलेस-स्टॉप्ड' म्हणजे मशीन रीबूट झालं तर परत ऊठ, पण मी मुद्दाम थांबवलं असेल तर थांबूनच राहा. 'एसएचएम-साइज' नवख्यांना कोणी सांगत नाही. डॉकर कंटेनरला शेअर्ड मेमरीसाठी फक्त 64 एमबी देतो, आणि पोस्टग्रेस मोठी क्वेरी अनेक प्रोसेसमध्ये वाटून चालवायला लागला की ती अपुरी पडते. मग 'शेअर्ड मेमरी सेगमेंटचा आकार बदलता आला नाही' अशा अर्थाची एरर येते, डिस्क भरल्यासारखी, आणि डिस्क तर निम्मी रिकामी असते.

'-व्ही'च्या पुढचा रस्ता मात्र डोळ्यांत तेल घालून लिहा. माझी ती संध्याकाळ इथेच गेली. 17 आणि त्याआधीच्या इमेजमध्ये डेटा '/व्हार/लिब/पोस्टग्रेएसक्यूएल/डेटा' इथे असतो, म्हणजे शेवटी 'डेटा' लागतोच. तो विसरून व्हॉल्यूम एक पायरी वर बसवलं, तर डॉकर आतल्या 'डेटा' फोल्डरसाठी गुपचूप एक बिननावी व्हॉल्यूम बनवतो. सगळं काम त्यात जातं आणि तुमचं नावाचं व्हॉल्यूम कोरडं राहतं. 18 पासून ही मांडणी बदलली: आता व्हॉल्यूम वरच्याच फोल्डरवर बसवायचं, आत व्हर्जनच्या आकड्याचं फोल्डर इमेज स्वतः करते. त्यामुळे जुने लेख वाचून '/डेटा' लावाल तर 18 मध्ये तेही चुकीचं. इमेज बदलली की हा रस्ता तपासायचाच.

पहिली हाक

'डॉकर लॉग्ज कोठार' द्या. पहिल्या वेळी 'रेडी टू ॲक्सेप्ट कनेक्शन्स' अशी ओळ दोनदा दिसेल. डेटा फोल्डर रिकामं असलं की इमेज आधी एक तात्पुरता सर्व्हर उठवते, युजर आणि डेटाबेस बनवते, तो बंद करते आणि मग खरा सर्व्हर उठवते. दुसऱ्यांदा ओळ आली की तयार.

पासवर्ड दिलाच नसेल तर कंटेनर लगेच बंद पडतो आणि लॉगमध्ये कारण लिहून ठेवतो. काहीही बिघडलं तर लॉग आधी वाचा. पोस्टग्रेसचे संदेश बरेच समजूतदार असतात.

पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड लिहायच्या प्रोग्रामने आत जा:

डॉकर एक्झेक -आयटी कोठार पीएसक्यूएल -यू मालक नोंदी

इथला 'यू' कॅपिटल. पासवर्ड न विचारता आत घेतलं ना? कंटेनरच्या आतून येणाऱ्या कनेक्शनवर ही इमेज विश्वास ठेवते. म्हणून पासवर्ड बरोबर आहे की नाही याची परीक्षा आतून कधीच होत नाही, ती बाहेरून जोडूनच करायची.

एखादं टेबल करून त्यात नोंद टाका. गंमत म्हणजे पोस्टग्रेसमध्ये टेबलाचं नाव खरोखर देवनागरीत चालतं. 'पुस्तक' नावाचं टेबल आणि त्यात 'शीर्षक' हा कॉलम, अगदी असंच मराठीत टाइप करून पाहा. फक्त नावाची मर्यादा 63 बाइट आहे आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, 3 बाइट खातं. म्हणजे जेमतेम 21 चिन्हं. खऱ्या कामात मी हे करत नाही, पण शिकताना मजा येते.

आता मोडा

ही पायरी गाळू नका. आत्ता डेटा एका ओळीचा आहे, तोवरच ही हिंमत होते.

डॉकर स्टॉप कोठार

डॉकर आरएम कोठार

कंटेनर गेला. वरची लांब कमांड जशीच्या तशी परत द्या आणि आत जाऊन टेबल बघा. नोंद आहे? मग व्हॉल्यूम बरोबर बसलं आहे. नसेल तर '-व्ही'चा रस्ता चुकला आहे.

दुसरा प्रयोग: 'एन्व्ह' फाइलमधला पासवर्ड बदला, कंटेनर काढून परत करा आणि बाहेरून नव्या पासवर्डने जोडून पाहा. जोडलं जाणार नाही. त्या फाइलमधल्या तिन्ही गोष्टी फक्त डेटा फोल्डर रिकामं असतानाच वाचल्या जातात. एकदा डेटाबेस तयार झाला की पासवर्ड बदलायचा तो पीएसक्यूएलमध्ये शिरून, उलट्या तिरक्या रेघेपुढे 'पासवर्ड' लिहून. हाच नियम 'डॉकर-एंट्रीपॉइंट-इनिटडीबी.डी' या फोल्डरमध्ये ठेवलेल्या एसक्यूएल फाइल्सनाही लागू. 'माझी स्क्रिप्ट चालतच नाही' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

'डॉकर स्टॉप'बद्दल थोडं. तो आधी प्रोसेसला थांबण्याचा सिग्नल देतो, 10 सेकंद वाट पाहतो आणि मग सरळ मारून टाकतो. लहान डेटाबेसला 10 सेकंद पुरतात. व्यग्र सर्व्हरला कधी पुरत नाहीत. तेव्हा 'स्टॉप'पुढे '-टी 60' द्या. मारला गेला तरी पोस्टग्रेस पुढच्या वेळी वॉलमधून, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या नोंदवहीतून, स्वतःला सावरतो. पण उठायला वेळ लागतो.

कोण कुठून जोडणार

मुख्य कमांडमध्ये पोर्टच्या आधी 127.0.0.1 लिहिलं होतं, ते सवयीने लिहिलेलं नाही. नुसतं '5432:5432' दिलं तर डॉकर ते पोर्ट मशीनच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर उघडतो. तुम्ही म्हणाल, यूएफडब्ल्यू या फायरवॉलने मी पोर्ट बंद केलं आहे. डॉकर आयपीटेबल्समध्ये, म्हणजे कर्नलच्या फायरवॉलमध्ये, स्वतःचे नियम घालतो आणि ही रहदारी यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. फायरवॉल 'बंद' म्हणत राहते आणि दार सताड उघडं असतं. इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरवर याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको.

दुसरी नेहमीची अडचण: तुमचं ॲपही कंटेनरमध्ये आहे आणि त्यात डेटाबेसचा पत्ता 'लोकलहोस्ट' दिला आहे. जोडलं जात नाही, कारण कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. ॲपचा कंटेनर 'कोठार_नेट'वर ठेवा आणि पत्ता म्हणून 'कोठार' हे नाव द्या. आपण बनवलेल्या नेटवर्कवर डॉकर कंटेनरच्या नावावरून पत्ता शोधून देतो. त्याच्या मूळच्या 'ब्रिज' नेटवर्कवर ही सोय नाही, म्हणून सुरुवातीलाच वेगळं नेटवर्क केलं. डेटाबेसशी फक्त ॲपच बोलणार असेल तर '-पी' काढूनच टाका. बाहेर पोर्ट उघडायची गरजच राहत नाही.

बॅकअप

व्हॉल्यूम आहे म्हणजे बॅकअप आहे असं नव्हे. चुकून दिलेला 'डिलीट' व्हॉल्यूमही इमानेइतबारे जपून ठेवतं. आणि डेटाबेस चालू असताना व्हॉल्यूमचं फोल्डर कॉपी करणं हाही बॅकअप नव्हे. एक फाइल आत्ताची, दुसरी दोन सेकंदांनंतरची, अशी विस्कळीत प्रत हाती येते.

डॉकर एक्झेक कोठार पीजी_डंप -यू मालक -एफसी नोंदी > नोंदी.डंप

'यू' आणि 'एफ' कॅपिटल. 'एक्झेक'पुढे '-आयटी' नाही, हे पाहिलंत? '-टी'मुळे मध्ये टर्मिनल येतं आणि ते प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अक्षर घुसवतं. बायनरी डंप त्याने खराब होतो. फाइल तयार होते, आकारही बरा दिसतो, आणि रिस्टोअर करायची वेळ येते तेव्हाच ती नासकी निघते.

म्हणून रिस्टोअर आजच करून पाहा, वेगळ्या डेटाबेसमध्ये:

डॉकर एक्झेक कोठार क्रिएटडीबी -यू मालक चाचणी

डॉकर एक्झेक -आय कोठार पीजी_रिस्टोअर -यू मालक -डी चाचणी < नोंदी.डंप

इथे '-आय' हवंच, नाहीतर फाइल आत पोचत नाही. 'चाचणी'मध्ये शिरून नोंदी मोजा.

रोजचं काम क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सेवेवर, टाकताना तीन खड्डे आहेत. फाइलचं नाव रोज तेच ठेवलं तर डंप फसला त्या दिवशी कालची चांगली फाइलही रिकामी होते, कारण '>' हे चिन्ह आधी फाइल पुसतं आणि मग कमांड चालते. नावात तारीख घाला. पण तारखेसाठी टक्क्याचं चिन्ह लागतं, आणि क्रॉनटॅबमध्ये त्याचा अर्थ 'ओळ संपली' असा होतो. त्याआधी उलटी तिरकी रेघ द्या, किंवा मी करतो तसं सगळं एका छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये ठेवून क्रॉनमध्ये फक्त तिचं नाव लिहा. तिसरा खड्डा म्हणजे पीजी_डंप एकाच डेटाबेसपुरता असतो; युजर आणि त्यांचे पासवर्ड त्यात येत नाहीत. त्यासाठी 'पीजी_डंपऑल --ग्लोबल्स-ओन्ली' वेगळं चालवा. आणि डंपच्या फाइल्स त्याच डिस्कवर ठेवू नका.

कंपोझकडे वळताना

लांब कमांड लक्षात ठेवायचा कंटाळा आला की डॉकर कंपोझच्या वायएएमएल फाइलमध्ये तेच सगळं लिहायचं. हे जरूर करा. फक्त कंपोझ व्हॉल्यूमच्या नावाआधी प्रोजेक्टचं नाव जोडतो, त्यामुळे तुमचं 'कोठार_डेटा' न वापरता तो नवंच रिकामं व्हॉल्यूम बनवतो आणि डेटाबेस पुसला गेल्यासारखा दिसतो. फाइलमध्ये त्या व्हॉल्यूमखाली नेमकं नाव आणि 'एक्स्टर्नल: ट्रू' लिहा.

'डॉकर कंपोझ डाउन' निर्धोक आहे. 'डॉकर कंपोझ डाउन -व्ही' तुमच्या व्हॉल्यूमसकट सगळं काढतो, विचारतही नाही. एक्स्टर्नल लिहिलेलं व्हॉल्यूम त्यातून वाचतं, हा त्या ओळीचा दुसरा फायदा.

हेल्थचेकसाठी, म्हणजे डेटाबेस तयार आहे का हे तपासायला, 'पीजी_इझरेडी' वापरा, पण त्याला '-एच 127.0.0.1' द्या. पहिल्या वेळचा तो तात्पुरता सर्व्हर फक्त सॉकेटवर ऐकतो, नेटवर्कच्या पत्त्यावर नाही. पत्ता दिला नाही तर हेल्थचेक त्यालाच 'तयार' समजतो आणि ॲप वेळेआधी धावत येतं.

मेमरीची मर्यादा घातलीत आणि कंटेनर 137 कोड देऊन पडला, तर बहुधा कर्नलने त्याला मेमरीपायी मारलं आहे. पोस्टग्रेसला ती मर्यादा आपोआप कळत नाही. 'शेअर्ड_बफर्स' मुळात 128 एमबी असतो. तो वाढवताना मशीनच्या नव्हे, कंटेनरच्या मेमरीच्या साधारण पाव हिस्सा धरा. डॉकरचे लॉगही मुळात अमर्याद वाढतात. लॉगच्या पर्यायांत 'मॅक्स-साइज' आणि 'मॅक्स-फाइल' घातले की डिस्क वाचते.

व्हर्जन बदलताना

मायनर बदल, म्हणजे 18 च्या आतला, अगदी साधा: 'डॉकर पुल पोस्टग्रेस:18', कंटेनर काढा, परत करा. हे नियमित करा, सुरक्षेच्या दुरुस्त्या तिथेच येतात.

मेजर बदलाला घाई नाही, प्रत्येक मेजर व्हर्जन 5 वर्षं सांभाळलं जातं. वेळ आली की आधी ॲप थांबवा, म्हणजे मधल्या नोंदी हरवणार नाहीत. मग जुन्या कंटेनरमधून 'पीजी_डंपऑल' घ्या आणि जुना कंटेनर थांबवा, पण काढू नका. नव्या नावाचं व्हॉल्यूम आणि नव्या नावाचा कंटेनर करा आणि त्या इमेजच्या पानावर डेटाचा रस्ता बघून घ्या. डंप पीएसक्यूएलमधून आत ओता. मालक युजर आधीच आहे अशी एक एरर येईल, तिच्याकडे दुर्लक्ष करा. ॲप नव्या कंटेनरकडे वळवा, काही दिवस सगळं नीट चालतंय का पाहा, ताजा डंप घेऊन 'चाचणी'मध्ये ओतून बघा. एवढं झालं की मगच 'डॉकर व्हॉल्यूम आरएम कोठार_डेटा', आणि एंटर दाबण्याआधी व्हॉल्यूमचं नाव एकदा मोठ्याने वाचा.